जुन्या ट्रकाचा दोषसंकेत व त्याचा शोध



दसरा उलटला कीं बोदवडच्या रस्त्यांवर कापसाची वर्दळ सुरू होते. शेतांतून आलेल्या कापसाची सरकी जिनिंगमध्यें निराळी होते, रुईच्या गाठी दाबून बांधल्या जातात, आणि त्या ट्रकांवर चढून कांहीं मलकापुराकडे, तर कांहीं भुसावळ, जळगांव, धुळें या वाटेनें नाशिक-मुंबईकडे निघतात. तुमच्यापैकीं कित्येकांचे वडील, काका किंवा मोठे भाऊ या ट्रकांवर चालक असतील, कोणी मिस्त्री असतील, कोणाच्या घरचा स्वतःचा एखादा जुना ट्रकहि असेल. अशा घरीं हल्लीं एक तक्रार वारंवार ऐकूं येते : "सेन्सर नवा घातला, तरी कोड पुन्हां आलाच !"

ही तक्रार वरवर पाहतां केवळ गॅरेजमधली वाटते. परंतु तिच्या पोटांत तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकांतील ओहमचा नियम आहे, आणि विचार करण्याची एक शिस्तहि आहे. ट्रक एक दिवस उभा राहिला तर भाडें बुडतें. कर्जाचा हप्ता मात्र थांबत नाहीं. निष्कारण बदललेल्या प्रत्येक भागाची किंमत घरच्या खर्चांतून जाते. आणि याहून मोठी गोष्ट अशी कीं, खोटा ठरवून दुर्लक्षिलेला संकेत एखाद्या दिवशीं खरा असला, तर भर घाटांत इंजिन बंद पडून तें कायमचें निकामी होण्याची पाळी येते. म्हणून दोषसंकेताचा अर्थ नीट कसा लावावा, हें आज आपण पाहूं.

संकेत कोठून येतो ?

जुन्या काळच्या डिझेल इंजिनांत इंधन किती व केव्हां सोडावयाचें, हें पंपांतील यांत्रिक रचनाच ठरवीत असे. मिस्त्री कान लावून, धुराचा रंग पाहून, हातानें चांचपून दोष ओळखीत. पुढें धुराविषयींचे नियम कडक होत गेले. १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार व १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा हे नियम देशभर लागू झाले. इतकें काटेकोर नियंत्रण साध्या यांत्रिक पंपास झेपेना, तेव्हां बहुतेक इंजिनांवर एक लहानसा संगणक येऊन बसला. मिस्त्रीलोक त्यास ई. सी. एम्. म्हणतात. या संगणकास डोळे, कान अथवा त्वचा नाहीं. तीं कामें सेन्सर करितात. एक सेन्सर पाण्याचें तापमान सांगतो, दुसरा तेलाचा दाब सांगतो, तिसरा इंजिन किती वेगानें फिरत आहे तें सांगतो.

भारत स्टेज सहाच्या पूर्वींचे असे संगणक असलेले ट्रक आतां जुने झाले आहेत. त्यांचे संगणक पुष्कळदां अजून धडधाकट असतात. परंतु तारा, कपलर आणि पिना या मात्र ऊन, धूळ, पाणी व हादरे सोसून थकलेल्या असतात. खानदेशांत वैशाखाचें ऊन ४५ अंशांच्या घरांत जातें, आणि इंजिनच्या शेजारीं तर त्याहून कितीतरी अधिक ताप असतो. त्या तापानें तारांवरील प्लॅस्टिक कडक होऊन तडकतें. पावसाळ्यांत त्याच तडांतून पाणी आंत शिरतें. उभ्या गाडींत उंदीर शिरून तारा कुरतडतात तें निराळेंच. जुन्या ट्रकाचा विचार करतांना ही वयाची गोष्ट विसरूं नये.

मोठ्या वाहनांतील संगणकांनीं एकमेकांशीं कोणत्या भाषेंत बोलावें, याचें एक प्रमाण अमेरिकेंतील सोसायटी ऑफ ऑटोमोटिव्ह एंजिनिअर्स या संस्थेनें ठरविलें आहे. त्याचें नांव 'जे १९३९'. यांतील १९३९ हें साल नव्हे. तो त्या प्रमाणाचा अनुक्रमांक आहे. या भाषेंत दोष मुख्यतः दोन आंकड्यांनीं सांगितला जातो. पहिला आंकडा, ज्यास एस्. पी. एन्. म्हणतात, तो 'कशाविषयीं' हें सांगतो, दुसरा, एफ्. एम्. आय्., हा 'काय बिघडलें' हें सांगतो. ११० हा इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तापमानाचा आंकडा आहे. १०० हा तेलाच्या दाबाचा. १९० हा इंजिनच्या वेगाचा.

पुष्कळ लोक पहिलाच आंकडा वाचतात. "एकशें दहा आला, म्हणजे पाण्याचा सेन्सर गेला," असें म्हणून ते दुकानाची वाट धरतात. फसगत होते ती येथेंच. ११० च्या पुढें शून्य असेल, तर सेन्सर ठीक आहे आणि पाणी खरोखरच धोक्याच्या पलीकडे तापलें आहे, असा त्याचा अर्थ. पुढें ३ असेल, तर सेन्सरच्या तारेवरील विद्युद्दाब असावा त्याहून अधिक आहे. ४ असेल, तर तो असावा त्याहून कमी आहे. २ असेल, तर माहिती अनियमित, तुटक तुटक येत आहे. न्यायालयाची उपमा घ्यावयाची तर शून्याच्या प्रकारांत साक्षीदार खरें सांगत असतो, आणि आपण त्यालाच हांकून देतों. उरलेल्या तीन प्रकारांत साक्षीदाराचा आवाज आपल्यापर्यंत धड पोहोंचत नसतो. तो साक्षीदार मुका आहे कीं मधली वाटच बंद आहे, याचा शोध अजून व्हावयाचा असतो. तो शोध न करितां सेन्सर बदलणें म्हणजे चोर सोडून संन्याशास सुळीं देणें होय.

कपलरच्या मागचें विज्ञान

तापमानाचा सेन्सर ही एक अगदीं साधी वस्तु आहे. तांब्याची तार तापली कीं तिचा रोध वाढतो, हें तुम्हीं वाचलें असेल. कांहीं पदार्थ मात्र याच्या उलट वागतात. १८३३ सालीं मायकेल फॅरडे या शास्त्रज्ञास सिल्व्हर सल्फाइड या पदार्थांत असें आढळलें कीं, तापमान वाढत गेलें तसतसा त्याचा रोध उतरत जातो. याच गुणाच्या पदार्थांपासून आजचे तापमानाचे सेन्सर बनवितात. त्यांस थर्मिस्टर असें नांव आहे. वाहनांत पुष्कळ ठिकाणीं आढळणाऱ्या एका जातीच्या सेन्सरचा रोध २० अंश सेल्सिअसला २५०० ओहम, ५० अंशांस सुमारें ८३०, ६० अंशांस सुमारें ६००, ८० अंशांस सुमारें ३२० आणि १०० अंशांस सुमारें १९० ओहम असतो.

संगणक आपल्या पोटांतील एका ठराविक रोधांतून पांच व्होल्टांचा दाब या सेन्सरकडे पाठवितो. समजा, हा आंतला रोध २२०० ओहमांचा आहे. आंतला रोध व सेन्सर हे दोन्ही एकसर जोडणींत असल्यामुळें पांच व्होल्टांची वांटणी त्यांच्या रोधांच्या प्रमाणांत होते. सकाळीं इंजिन थंड, म्हणजे २० अंशांवर, असतां सेन्सरच्या वांट्यास ५ × २५०० ÷ ४७००, म्हणजे सुमारें २.६६ व्होल्ट येतात. इंजिन तापून ८० अंशांवर आलें म्हणजे ५ × ३२० ÷ २५२०, म्हणजे सुमारें ०.६३ व्होल्टच उरतात. संगणक हा दाब मोजतो आणि आपल्याजवळच्या कोष्टकावरून तापमान ओळखतो. त्याला पाणी दिसत नाहीं. दिसतात ते केवळ व्होल्ट. सगळ्या कोड्याची किल्ली या एका वाक्यांत आहे.

आतां दोन टोकें पाहा. तार तुटली तर प्रवाह वाहणारच नाहीं, आंतल्या रोधावर दाब खर्च होणार नाहीं, आणि संगणकास पुरे पांच व्होल्ट दिसतील. हा झाला ३ चा संकेत. उलट, सोललेली तार इंजिनच्या लोखंडास चिकटली, किंवा दोन्ही तारा एकमेकींस भिडल्या, तर दाब शून्यावर येईल. हा ४ चा संकेत. म्हणून ३ आला तर तुटलेली तार, मागें सरकलेली पिन, सैल झालेला कपलर शोधावा. ४ आला तर सोललेली तार, पाणी शिरलेला कपलर अथवा आंतून चिकटलेला सेन्सर शोधावा. केवळ दुसरा आंकडा लक्ष देऊन वाचला, तर निम्मा शोध तेथेंच संपतो.

एका ट्रकाचें उदाहरण

समजा, एक जुना ट्रक गाठी भरून बोदवडहून मुंबईकडे निघाला आहे. खराब रस्त्यावर दिवा लागतो, गाडी सरळ रस्त्यास लागली कीं कांहीं वेळानें विझतो. यंत्र लावून पाहिलें तर ११० आणि ३. दोन वेळां सेन्सर बदलून झाला. गॅरेजमध्यें उभ्या गाडीवर सर्व ठीक दिसतें. पण चांदवडजवळचा राहुड घाट चढूं लागतांच दिवा पुन्हां हजर! अशा वेळीं जाणत्या मिस्त्रीनें कोणत्या क्रमानें जावें ?

पहिलें काम लिहिण्याचें. पुष्कळ लोक यंत्र लावतांच संकेत पुसून टाकतात. तसें करणें म्हणजे चोरीच्या जागेवर पंचनाम्यापूर्वींच झाडू मारणें होय. दोन्ही आंकडे, संकेत किती वेळां आला तो हिशेब, त्या वेळीं इंजिन थंड होतें कीं गरम, पाऊस होता कीं ऊन, रस्ता कसा होता, हें सर्व आधीं कागदावर उतरावें. चालकास विचारावें. जो माणूस त्या यंत्रावर दिवसाचे दहा तास बसतो, त्याच्याइतकी माहिती कोणत्याहि यंत्रांत सांपडत नाहीं. आमच्या उदाहरणांत चालक सांगतो कीं दिवा हादऱ्यांबरोबर लागतो. हें एक वाक्य दोन सेन्सरांच्या किमतीहून मोलाचें आहे.

दुसरें काम बॅटरी व अर्थ तपासण्याचें. मोठ्या ट्रकांत बारा व्होल्टांच्या दोन बॅटऱ्या एकसर जोडून चोवीस व्होल्ट मिळवितात, आणि इंजिन चालू असतां सुमारें २८ व्होल्ट दिसावे लागतात. अर्थची पट्टी गंजली किंवा सैल झाली, तर बहुधा अनेक सेन्सरांचे संकेत एकदम येतात. आपल्या ट्रकांत ११० हा एकटाच येतो. तेव्हां अर्थावरील संशय कमी होतो, तरी एकदां मोजून तो मिटवावा.

तिसरें काम पाहण्याचें. कपलर काढून त्याच्या पिना उजेडांत पाहाव्यात. हिरवट गंज आहे काय, पिन मागें सरकली आहे काय, रबराची सील जागेवर आहे काय ? तारेवर बोटें फिरवीत जावें. ती कोठें लोखंडी कंगोऱ्यास घांसते, कोठें ताणली जाते, हें हातास डोळ्यांच्या आधीं समजतें.

चौथें काम तारेची परीक्षा. कपलर सेन्सरवरून काढला कीं संगणकास तार तुटल्याचा भास होतो व ३ हाच संकेत राहतो. आतां कपलरच्या दोन टोकांमध्यें लहानशी तार घालून तीं जोडलीं, तर संकेत ३ वरून ४ वर गेला पाहिजे. गेला, तर कपलरपासून संगणकापर्यंतचा मार्ग त्या क्षणीं अखंड आहे. न गेला, तर दोष तारेंत अथवा संगणकांत आहे, आणि नवा सेन्सर आणून कांहीं उपयोग नाहीं. आपल्या ट्रकांत संकेत ४ वर जातो. घाईचा मिस्त्री येथें म्हणेल, "तार ठीक आहे, तेव्हां सेन्सरच वाईट," आणि तिसरा सेन्सर मागवील. पण 'त्या क्षणीं' हे शब्द विसरूं नका. उभ्या गाडीवरची परीक्षा उभ्या गाडीचेंच उत्तर देते. दोष चालत्या गाडींत येतो, तर परीक्षाहि हादऱ्यांसह झाली पाहिजे.

म्हणून पांचवें काम हलवून पाहण्याचें. इंजिन तापवून बंद करावें, चावी चालू ठेवावी, कपलर सेन्सरवर नीट बसवावा, आणि यंत्राच्या पडद्यावर पाण्याचें तापमान पाहत राहावें. पडदा ८० अंश दाखवितो. आतां सेन्सरपासून आरंभ करून तार वीतभर वीतभर हलवीत मागें जावें. तार जेथें इंजिनवरून निघून चासीच्या पट्टीस बांधली आहे, तेथें हात येतांच आंकडा ८० वरून एकदम शून्याच्याहि खालीं, कांहीं यंत्रांवर उणे ४० पर्यंत, कोसळतो. हात सोडतांच पुन्हां ८०! इंजिनांतील कित्येक लिटर पाणी एका क्षणांत शंभर अंशांहून अधिक थंड होऊन दुसऱ्या क्षणीं पुन्हां तापेल काय ? उष्णतेचा धडा ज्यानें वाचला आहे तो सांगेल कीं हें अशक्य आहे. पाणी थंड झालें नाहीं, मार्ग तुटला. तें ठिकाण उघडून पाहिलें तर वरचें प्लॅस्टिक अखंड, पण आंतील तांब्याचे तंतु तुटलेले. इंजिन हालतें, चासी हालत नाहीं, आणि दोहोंच्या मध्यें ताणून बांधलेली तार वर्षानुवर्षें तेथेंच वांकत राहते. तुटलेला भाग कापून, चांगला जोड करून, वर नळी चढवून, तारेस थोडी ढील ठेवून बांधली कीं काम झालें.

सहावें काम पडताळ्याचें, आणि बहुतेकांचा कंटाळा येथेंच आडवा येतो. संकेत पुसला म्हणजे दोष गेला असें नव्हे. तेवढेंच ओझें घेऊन, त्याच रस्त्यानें, तोच घाट चढून गाडी बिनतक्रार आली, म्हणजे निदान खरें ठरलें असें समजावें.

दिवा न लागणारा दोष

आतां याहून सूक्ष्म गोष्ट सांगतों. समजा तार तुटलेली नाहीं; केवळ कपलरच्या पिनांवर गंज चढून मार्गांत ५०० ओहमांचा जादा रोध आला आहे. इंजिनचें पाणी १०० अंशांवर आहे. सेन्सरचा रोध १९० ओहम. पण संगणकास दिसतात १९० + ५००, म्हणजे ६९० ओहम. वरील कोष्टकांत ६९० हा आंकडा ५० व ६० अंशांच्या मध्यें पडतो. म्हणजे पाणी शंभरावर, आणि संगणक समजतो कीं तें छप्पन्न अंशांच्या आसपास आहे ! दाब पांच व्होल्टहि नाहीं आणि शून्यहि नाहीं, म्हणून ३ नाहीं, ४ नाहीं. खऱ्या तापाचा शून्याचा संकेतहि येणार नाहीं, कारण संगणकाच्या मतें सर्व थंड आहे. इंजिन इतका वेळ चालूनहि पुरेसें कसें तापत नाहीं, अशी शंका कांहीं संगणक घेतात. पण सर्वच तसे नसतात.

यावरून दोन गोष्टी शिकावयाच्या. संकेत आला म्हणजे तो भाग वाईटच असें नाहीं. आणि संकेत आला नाहीं म्हणजे सर्व ठीकच असेंहि नाहीं. नेहमीं ८० च्या पुढें राहणारा कांटा वैशाखांत, भरल्या गाडीनिशीं, घाटांत पन्नाशीवर दिसूं लागला, तर समाधान न मानतां संशय घ्यावा.

सावधगिरी

हें वाचून कोणीहि विद्यार्थ्यानें वडीलधाऱ्या माणसांवांचून ट्रकाच्या तारांस हात लावूं नये. दोन टोकें जोडण्याची परीक्षा दोन तारांच्या तापमान-सेन्सरसाठींच आहे; दाबाच्या तीन तारांच्या सेन्सरवर ती केल्यास संगणक बिघडण्याचा संभव आहे. बॅटरीचा दाब सेन्सरच्या तारेस कधींहि देऊं नये. चालू इंजिनच्या पंख्याजवळ व पट्ट्यांजवळ हात नेऊं नये. तापलेल्या रेडिएटरचें झांकण उघडूं नये. दाबाखालचें पाणी शंभर अंशांच्या वरहि उकळल्यावांचून राहतें, आणि झांकण निघतांच उसळून अंगावर येतें. आणि ११० च्या पुढें शून्य दिसलें, तर गाडी प्रथम सुरक्षित जागीं थांबवावी. वादविवाद मागाहून करावा.

"लांडगा आला रे आला" ही गोष्ट तुम्हांस ठाऊक आहे. त्या गोष्टींत आपण नेहमीं मुलाला दोष देतों. ट्रकाच्या गोष्टींत मात्र दोष पुष्कळदां ऐकणाऱ्यांचा असतो. दिवा वारंवार लागतो, कोणी त्याचें कारण शोधीत नाहीं, शेवटीं चालक त्यावर चिकटपट्टी लावतो, आणि ज्या दिवशीं लांडगा खरोखर येतो त्या दिवशीं तो कोणासहि दिसत नाहीं. तुमच्यांतील जे पुढें आय्. टी. आय्. मध्यें जाऊन यंत्रकाम शिकतील, त्यांनीं हातांत पाना घेण्यापूर्वीं वही घ्यावी. आणि पालकांसहि विनंती कीं, गाडी दुरुस्तीस दिल्यावर "कोणता भाग बदलला ?" हें विचारण्याच्या आधीं "दोष तेथेंच आहे हें कशावरून ठरविलें ?" असें अवश्य विचारावें. चांगला मिस्त्री या प्रश्नानें रागावत नाहीं.

अभ्यास

१. वरील आंकडे घेऊन १०० अंशांस सेन्सरवर किती व्होल्ट येतील तें काढा. मार्गांत ५०० ओहमांचा गंज असल्यास संगणकास किती व्होल्ट दिसतील ?

२. शाळेच्या प्रयोगशाळेंत एक जुना दोन तारांचा तापमान-सेन्सर, चंचुपात्र, तापमापक व मल्टिमीटर घेऊन, शिक्षकांच्या देखरेखीखालीं, पाणी तापवीत दर दहा अंशांस रोध मोजा व आलेख काढा. ही रेषा सरळ येते कीं वक्र ?

३. एका ट्रकांत ११०, १०० व १९० असे तिन्ही संकेत एकदम आले. तिन्ही सेन्सर एकाच दिवशीं बिघडले असें मानणें योग्य होईल काय ? प्रथम काय तपासाल, व कां ?